खेळण्याची घरघर आणि थकलेले कान

अमेरिकेत १९८५ साली ‘टेडी रक्सपिन’ नावाचे एक बोलणारे अस्वल बाजारात आले. पूर्वी डिस्नेमध्ये काम केलेल्या केन फोर्स यांची ती कल्पना होती आणि ‘वर्ल्ड्स ऑफ वंडर’ या कंपनीने ती घरोघरी पोचवली. अस्वलाच्या पाठीतील कप्प्यात कॅसेट घालून कळ दाबली की ते गोष्ट सांगू लागे, डोळे मिचकावी, तोंड हलवी. त्या कॅसेटवरील एका ध्वनिपट्ट्यावर गोष्ट असे आणि दुसऱ्यावर डोळे व जबडे केव्हा हलवायचे याच्या सूचना. डोक्यातील छोट्या मोटरी त्या सूचनांबरहुकूम चालत. पुढे १९९८ साली आलेल्या ‘फर्बी’ या केसाळ, घुबडासारख्या खेळण्यात तर एकाच मोटरवर डोळे, कान आणि चोच हलत.

ही खेळणी ज्यांच्या मुलांसाठी घेतली गेली, त्यांत शिक्षणासाठी वा नोकरीसाठी अमेरिकेस गेलेली मराठी दांपत्येही होती. ती मुले आज चाळिशी-पंचेचाळिशीत आहेत आणि त्यांचे आईवडील पंचाहत्तरीच्या पुढे. माळ्यावरचे खोके उघडले जाते, अस्वल बाहेर येते आणि कधीकधी ते नातवंडापेक्षा आजीच्याच मांडीवर अधिक विसावते. विशेषतः स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला अशा ओळखीच्या, मऊ, बोलक्या वस्तूचा मोठा आधार वाटू शकतो. परंतु चाळीस वर्षे जुन्या मोटरी घरघरतात, करकरतात, टकटकतात. तो आवाज वृद्ध कानांना त्रास देतो, दिवसभर शुश्रूषा करणाऱ्याला अस्वस्थ करतो आणि शेवटी ‘हे खेळणे टाकूनच द्या’ असा निर्णय होतो.

निर्णय घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा, असे माझे सांगणे आहे. हा आवाज नेमका कोठून येतो? तो खेळण्यातून येतो, खेळणे ज्यावर ठेवले आहे त्या पृष्ठभागातून येतो, कानातून व श्रवणयंत्रातून येतो, की ऐकणाऱ्याच्या बदललेल्या प्रकृतीतून? या चारही ठिकाणचे उपाय वेगवेगळे आहेत. रुग्णाला तपासल्याविना औषध देऊ नये, तसेच खेळण्याचेही आहे.

एका घरातील गोष्ट

न्यू जर्सीत अनेक वर्षे राहून पुण्यास परतलेले एक कुटुंब माझ्याकडे उपचारांसाठी येते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगते. घरातील आजींचे वय ऐंशीच्या आसपास, स्मरणशक्ती बरीच क्षीण, दोन्ही कानांना श्रवणयंत्रे. मुलाच्या बालपणीचे अस्वल त्या दिवसभर उराशी धरीत. सूनबाई थकून गेल्या होत्या. “डॉक्टर, ते गोष्ट सांगते की पिठाची गिरणी चालवते, तेच कळत नाही,” असे त्या म्हणाल्या. आजींची तक्रार वेगळी होती. “अगं, याच्या पोटात कोणीतरी शिट्टी वाजवतंय.”

सुनेला ऐकू येणारी घरघर आणि आजींना ऐकू येणारी शिट्टी हे दोन निरनिराळे आवाज होते. अस्वल गालाशी दाबले की त्याची लव श्रवणयंत्राला झाकून टाकी. यंत्रातून निघालेला आवाज परत त्याच्याच मायक्रोफोनमध्ये शिरे आणि शिट्टी सुरू होई. अस्वलाचे सेल काढून ठेवले, तरी ते कानाशी नेल्यावर शिट्टी वाजली, तेव्हा घरच्यांची खात्री पटली. आजींना अस्वल खांद्याऐवजी मांडीवर धरण्याची सवय लावली आणि श्रवणतज्ज्ञाने यंत्राचा कानात बसणारा भाग नीट बसवून दिला. शिट्टी जवळजवळ थांबली. घरघर मात्र खरीच मोटरची होती आणि तिच्यासाठी अस्वलाला कारागिराकडे जावे लागले.

वृद्ध कानांना हा आवाज अधिक का बोचतो?

वयोमानानुसार येणाऱ्या बहिरेपणात प्रथम उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांसारख्या व्यंजनांची ओळख प्रामुख्याने याच ध्वनींवर अवलंबून असते. म्हणून ज्येष्ठ म्हणतात, “आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत.” जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी पंचवीस टक्क्यांहून अधिक लोकांना दैनंदिन व्यवहारात अडथळा आणणारे श्रवणदोष असतात. आता अशा कानासमोर गोष्ट सांगणारे अस्वल ठेवले, तर त्याच्याच डोक्यातील मोटरची घरघर त्याचेच शब्द झाकून टाकते. आजींना गोष्ट पोचत नाही, केवळ यंत्र पोचते.

दुसरे कारण अधिक विलक्षण आहे. अंतर्कर्णातील पेशी दुबळ्या झाल्या की हळू आवाज ऐकू येत नाही, पण आवाज थोडासा वाढताच तो एकदम असह्य वाटू लागतो. सुसह्य आणि असह्य यांतील अंतर कमी होते. “मोठ्याने बोल” आणि लगेच “ओरडू नकोस” अशी एकाच व्यक्तीची दोन्ही वाक्ये आपण ऐकतो, ती हेकटपणाची नसून या दोषाची असतात.

तिसरे कारण मेंदूचे आहे. निरोगी मेंदू पंख्याचा वा मोटरचा सततचा आवाज मागे सारतो आणि समोरच्याचे बोलणे पुढे आणतो. स्मृतिभ्रंशात ही निवड करण्याची शक्ती क्षीण होते. मग सारेच आवाज एकाच वेळी अंगावर येतात. कधी त्यांचा अर्थही चुकीचा लावला जातो. घरघर म्हणजे कोणी रडते आहे, टकटक म्हणजे कोणी दार वाजवते आहे, असे वाटते. त्या वेळी “काही नाही, मोटर आहे” एवढे सांगून भागत नाही. आवाज बंद करून जवळ बसावे लागते.

आवाजावरून निदान

खेळणे शांत खोलीत घेऊन, सेल नवे घालून, एकदा लक्षपूर्वक ऐकावे. जुने सेल तसेच ठेवून परीक्षा करू नये. मूळ टेडी रक्सपिनला ‘सी’ आकाराचे चार सेल लागतात. आपल्याकडे पेन्सिल सेलइतके ते सहज मिळत नाहीत, त्यामुळे अर्धवट उतरलेलेच सेल वापरत राहण्याची प्रवृत्ती होते. उतरलेल्या सेलवर मोटर रडत चालते आणि कॅसेटचा वेग मंदावून अस्वलाचा स्वर जाड, घोगरा होतो. गोंधळलेल्या मनाला असा स्वर भीतिदायक वाटू शकतो.

नव्या सेलवरही उंच, किंचाळल्यासारखी किरकिर येत असेल, तर मोटरचा दांडा ज्या छोट्या धातूच्या बुशात फिरतो तो कोरडा पडला असण्याचा संभव असतो. ठरावीक अंतराने ‘टक टक’ होत असेल, तर प्लॅस्टिकच्या दातेरी चाकाला चीर गेली असावी वा एखादा दाता तुटला असावा. ती चीर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा आवाज करते. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण तोंड हलत नाही, अशा वेळी दांड्यावरील लहान दातेरी चाक फुटून जागच्या जागी घसरत असू शकते. तोंड स्थिर असूनही आतून सतत थरथर वा गुणगुण येत असेल, तर मोटरला आपली जागा सापडत नाही असे समजावे. अशा मोटरीसोबत जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसला एक फिरता भाग असतो. जबडा कोठे आहे हे तो यंत्रणेला कळवतो. तो मळला की चुकीची खबर जाते आणि मोटर मागेपुढे करीत राहते. स्वर लाटांसारखा वर-खाली होत असेल, तर दोष बहुधा कॅसेट फिरवणाऱ्या रबरी पट्ट्यात असतो. वर्षानुवर्षे पडून राहिलेला रबर सैलावतो, कधी डांबरासारखा चिकट होतो.

घरी काय करावे, काय टाळावे

पहिला उपाय सर्वांत सोपा आहे. खेळणे टेबलावर ठेवू नये. तंबोऱ्याच्या तारेचा आवाज भोपळ्यामुळे भरीव होतो, तसाच मोटरचा थरथराट पोकळ लाकडी टेबलामुळे किंवा पत्र्याच्या कपाटामुळे वाढतो. घडी घातलेला जाड टॉवेल, उशी वा गोधडी खाली ठेवली की घरघर लक्षणीय कमी होते. अंतराचाही उपयोग होतो. खेळणे कानापासून वीतभर अंतरावर असण्याऐवजी हातभर अंतरावर ठेवले, तरी आवाज बराच सौम्य होतो.

दुसरा उपाय सेलचा कप्पा तपासण्याचा. जुने सेल आत राहून पाझरले असतील, तर हिरवट वा पांढरी बुरशीसारखी पूड दिसते. अल्कलाइन सेलमधील हा पाझर दाहक असतो. हातमोजे व चष्मा घालूनच काम करावे. पूड फुंकून उडवू नये. कानकाडीच्या टोकाला किंचित व्हिनेगर लावून धातूच्या पट्ट्या पुसाव्यात, नंतर ओलसर कापडाने व शेवटी कोरड्या कापडाने पुसून पूर्ण वाळू द्याव्यात. पाझर त्वचेला लागल्यास भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेल्यास किमान पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धूत राहावे आणि तत्काळ नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

तेलाविषयी मात्र हात आखडता घ्यावा. आपल्याकडे करकरणाऱ्या प्रत्येक वस्तूला खोबरेल तेल लावण्याची रीत आहे. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली गोठते आणि कालांतराने चिकट होऊन धूळ धरते. थंडीत खेळणे आणखीच अडते. गंज सोडवण्याच्या फवाऱ्याने उरलेसुरले ग्रीस विरघळते, शिवाय तो रबरी पट्ट्यावर व कॅसेटच्या हेडवर उडतो. शिलाई यंत्राचे तेल धातूच्या दांड्याला सुईच्या टोकाने एक थेंब देण्यापुरते चालते. प्लॅस्टिकच्या चाकांवर मात्र ते नको, कारण काही जातीच्या प्लॅस्टिकला खनिज तेलाने बारीक तडे जातात. चाकांसाठी प्लॅस्टिकला चालणारे सिलिकॉनचे ग्रीस, तेही मोहरीएवढे, पुरेसे असते. पट्ट्याला कशाचाही थेंब लागू देऊ नये.

अस्वलाचे कातडे उसवून डोके उघडण्याचे काम थरथरत्या हातांनी किंवा अपुऱ्या दृष्टीने करू नये. पुण्याची तपकीर गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता यांसारख्या बाजारांच्या आसपास आणि लहान गावांतही, टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे जुने कारागीर अजून भेटतात. पट्टा, बुश आणि दातेरी चाक या गोष्टी त्यांच्या परिचयाच्या असतात. त्यांच्याकडे जाताना आवाजाचे वर्णन लिहून न्यावे वा भ्रमणध्वनीवर तो ध्वनिमुद्रित करावा. “आवाज येतो” एवढ्यापेक्षा “तोंड मिटताना दोनदा टक होते” हे वाक्य दुरुस्तीचा निम्मा वेळ वाचवते. सारे खेळणे उघडण्याची वेळ आलीच, तर आतील जुन्या, भुगा होणाऱ्या फोमची धूळ उडते हे ध्यानात ठेवावे. दमेकरी व्यक्तीला त्या खोलीत बसवू नये.

एक गोष्ट आवर्जून सांगते. ज्या व्यक्तीचा त्या खेळण्यावर जीव आहे, तिच्यासमोर ते उसवू नये. स्मृतिभ्रंश झालेल्या मनाला ते केवळ यंत्र नसते. डोळे काढून ठेवलेले अस्वल पाहून एखाद्या आजींना रात्रभर झोप लागणार नाही. “दुरुस्तीला दिले आहे, शुक्रवारी येईल” असे सांगावे, त्याचे छायाचित्र हाताशी ठेवावे आणि तोवर मऊ शाल वा उशी मांडीवर द्यावी.

आधी कान तपासा

घरघर वाढली अशी तक्रार आली की श्रवणयंत्रही पाहावे. ते नीट बसले आहे काय, त्यात मळ साचला आहे काय, सेल उतरला आहे काय? कानातील मळाचा खडा हे शिट्टीचे आणि बहिरेपणाचेही अगदी सामान्य कारण आहे. तो काडीने कोरू नये आणि कानात कोमट तेलही ओतू नये. डॉक्टरांकडून काढून घ्यावा. गोंगाटाचा त्रास होतो म्हणून यंत्र पेटीत टाकणे हा उपाय नव्हे. ते यंत्र श्रवणतज्ज्ञाकडे पुन्हा जुळवून घेता येते. खेळणे बंद असतानाही घरघर ऐकू येत असेल, तर ती कानात उठणारी असू शकते. ती एकाच कानात असेल, सोबत चक्कर असेल, किंवा ऐकू येणे एक-दोन दिवसांत अचानक कमी झाले असेल, तर थांबू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. अचानक आलेल्या बहिरेपणात उपचारांना लागलेला विलंब महागात पडतो.

याहून महत्त्वाची सूचना अशी. जो आवाज परवापर्यंत चालत होता, तोच आज असह्य झाला आणि व्यक्ती चिडू लागली, घाबरू लागली, दिवसा गुंगीत व रात्री जागी राहू लागली, तर मोटर बदललेली नसून माणूस बदललेला असतो. मूत्रमार्गाचा वा छातीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, लघवी तुंबणे, शरीरातील पाणी कमी होणे, लपलेली वेदना, नुकतेच सुरू केलेले एखादे औषध यांपैकी काहीही वृद्ध मेंदूला काही तासांत भ्रमावस्थेत लोटू शकते. ताप नसला तरी हे घडते. अशा वेळी अस्वल नव्हे, आजी-आजोबा तपासणीसाठी न्यावेत, आणि तेही विनाविलंब.

शुश्रूषा करणाऱ्याचेही कान

एकच गोष्ट दिवसातून वीस वेळा ऐकणाऱ्या सुनेचा, मुलीचा वा पतीचा विचारही उपचारांतच मोडतो. त्यांना राग येणे हे प्रेम आटल्याचे लक्षण नाही. खेळण्याची वेळ ठरवावी. अनेक ज्येष्ठांना सायंकाळी दिवेलागणीच्या सुमारास बेचैनी वाढते. तेव्हा अर्धा तास गोष्ट लावावी आणि एरवी सेल काढून ठेवावेत. मूळ फर्बीला तर बंद करण्याची कळच नव्हती. हलवताच ते जागे होई, त्यामुळे रात्रीपूर्वी सेल काढणे हाच मार्ग. सेल काढताना वा बदलताना व्यक्तीला विश्वासात घ्यावे. “आता तोही झोपतो” हे वाक्य बहुधा मान्य होते. जी खेळणी वा त्यांचे रिमोट नाण्याच्या आकाराच्या बटण-सेलवर चालतात, त्यांची झाकणे स्क्रूने घट्ट बंद हवीत. गिळलेला बटण-सेल अन्ननलिकेस थोड्या तासांत भोक पाडू शकतो आणि हा धोका लहान नातवंडाइतकाच गोंधळलेल्या आजोबांनाही असतो.

पुष्कळदा असे आढळते की सेल नसलेले अस्वलही तितकेच प्रिय असते. लव, वजन आणि ओळखीचा चेहरा एवढेच पुरते. ज्या आजींची हकीकत वर सांगितली, त्यांच्या अस्वलाचे एक दातेरी चाक कारागिराने बदलले. टकटक गेली, थोडी घरघर उरली. आता गोष्ट फक्त सायंकाळी लागते आणि दिवसभर अस्वल मुकेच मांडीवर असते. सूनबाईंनी सांगितले की गोष्ट सुरू झाल्यावर आजी त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. तळहाताखाली उरलेली घरघर दबते आणि शब्द थोडे स्पष्ट येतात. हा उपाय कोणी शिकवला नव्हता.

खेळणे देणे हा अपमान आहे काय?

“आईच्या हाती बाहुली पाहवत नाही,” असे अनेक मुले म्हणतात. ही भावना समजण्याजोगी आहे. आयुष्यभर शिक्षिका वा गृहिणी म्हणून घर चालवलेल्या व्यक्तीवर कोणी खेळणे लादू नये. तिने दूर सारले तर विषय संपवावा. पण तिने स्वतःहून जवळ घेतले, तर तो तिचा निर्णय आहे. या विचाराला वैद्यकात स्थान मिळू लागले आहे. जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी घडवलेल्या ‘पारो’ या सीलच्या पिल्लासारख्या यंत्राला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ साली वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. खेळणी बनवणाऱ्या ‘हॅस्ब्रो’ने २०१५ साली खास ज्येष्ठांसाठी गुरगुरणारे मांजर आणले. अशी नवी उपकरणे महाग असतात आणि आपल्याकडे सहज मिळत नाहीत. शिवाय माळ्यावरच्या अस्वलाशी जोडलेले मुलाचे बालपण त्यांच्यापाशी नसते.

म्हणून घरघर ऐकू आली की फेकून देण्याआधी क्रमाने पाहावे. सेल नवे आहेत काय, खाली टॉवेल आहे काय, श्रवणयंत्र नीट बसले आहे काय, कान स्वच्छ आहेत काय आणि प्रकृतीत काही अचानक बदल झाला आहे काय. हे सारे पाहूनही आवाज राहिला, तर कारागिराकडे जावे. त्यानेही हात टेकले, तर सेल काढून ठेवावेत आणि गोष्ट आपण सांगावी. वृद्ध कानाला समोर बसलेल्या, चेहरा दिसणाऱ्या, सावकाश बोलणाऱ्या माणसाचे शब्द कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक स्पष्ट ऐकू येतात.